काम देणारा पैसे मागतो तेव्हा

‘घरबसल्या महिना ३० हजार कमवा. शिक्षणाची अट नाही. गृहिणींना प्राधान्य. जागा मर्यादित.’

ही जाहिरात पाहिली नाही असे घर आज सापडणे कठीण. पूर्वी ती लोकलच्या डब्यात चिकटवलेली असायची, विजेच्या खांबावर असायची, वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत असायची. आता ती थेट मोबाइलवर येते. सकाळचा स्वयंपाक, मुलांचे डबे, धुणीभांडी उरकलेली असतात, जोहरची नमाज झालेली असते, मुले शाळेतून परतायला अवकाश असतो आणि घरातल्या बाईच्या हाती दिवसातला पहिला अर्धा तास स्वतःचा असतो, नेमकी तेव्हाच.

अशा जाहिरातीला फसलेल्या बाईबद्दल ‘लालच केली म्हणून गेले पैसे’ असे सहज बोलले जाते. आम्हाला ते मान्य नाही. आमच्या ओळखीतल्या ज्या ज्या घरांत हे घडले तिथे कुणाला बंगला बांधायचा नव्हता. कुणाला मुलाच्या शिकवणीचे बाराशे रुपये नवऱ्यापुढे हात न पसरता द्यायचे होते. कोकणातल्या एका घरात कुवेतहून दर महिन्याला येणारा पैसा कंपनी बंद पडल्यामुळे थांबला होता आणि परतलेला नवरा अजून काम शोधत होता. मुंब्र्यातल्या एका घरात तर बाई नव्हे, अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला रिक्षाचालक बाप घरी बसून काही तरी करता येईल का हे शोधत होता. लहान मूल, आजारी सासू, बाहेर जायला मोकळीक नाही, आणि पैशाची गरज मात्र आहे, अशा माणसाला ‘घरबसल्या’ हा शब्द फार गोड वाटतो. जाहिरात लिहिणाऱ्याला हे पुरते ठाऊक असते.

घरात राहून मजुरीवर काम करणे आपल्याकडे नवे नाही. सोलापुरात, सिन्नरला, संगमनेरला बायका पिढ्यान् पिढ्या विड्या वळत आल्या. मालाडच्या वस्त्यांत नकली दागिन्यांत खडे बसवले जातात, गोवंडी-मुंब्र्यात जरीचे काम होते, ड्रेसला टिकल्या आणि मोती लावले जातात. मजुरी तुटपुंजी, पाठ मोडते, डोळे जातात, हे सगळे खरे. पण या प्रत्येक कामात एक गोष्ट सारखी असते. कारखानदार किंवा ठेकेदार माल आणून देतो. पाने त्याची, तंबाखू त्याची, दोरा त्याचा, मोती त्याचे. बाई आपले श्रम घालते आणि हजारामागे किंवा नगामागे ठरलेले पैसे घेते. पैसा एकाच दिशेने वाहतो, काम देणाऱ्याकडून काम करणारीकडे.

लिज्जत पापडाचे उदाहरण तर जगजाहीर आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे हजारो बायका त्यात आल्या. केंद्रावरून पिठाचे गोळे घरी न्यायचे, लाटून वाळवायचे, पापड परत नेऊन द्यायचे आणि लाटण्याचे पैसे घ्यायचे. तिथे कुणी कुणाला ‘आधी कुरिअरचे १८५० रुपये भरा, मग पीठ पाठवतो’ असे म्हटले नाही.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. इथे तर घाम येण्याआधी मजुराकडूनच वसुली चालते. नोंदणी शुल्क, ओळखपत्राचे पैसे, परत मिळणारी अनामत, प्रशिक्षणाचे पैसे, सॉफ्टवेअरचे पैसे, जीएसटी, विमा. नाव काहीही असो. काम मिळवण्यासाठी ज्याला पैसे द्यावे लागतात तो काम देणारा नसतो.

सगळ्यात साधा प्रकार पॅकिंगचा. ‘नटराज पेन्सिल घरी पॅक करा’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. पेन्सिल बनवणाऱ्या कंपनीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, तिचे फक्त नाव वापरले जाते, कारण ते नाव आपल्या सगळ्यांच्या दप्तरात होते. चौकशी केली की व्हॉट्सअॅपवर ओळखपत्राचा नमुना येतो, पेन्सिलींच्या ढिगापुढे बसलेल्या बायकांचे फोटो येतात. नोंदणीचे ६०० रुपये घेतले जातात. मग ‘माल निघाला, गाडीचे भाडे भरा, पहिल्या पगारात परत मिळेल.’ मग ‘गाडी तुमच्या चौकात उभी आहे, गेट पास अडकला आहे, एवढे भरले की माल लगेच उतरवतो.’ बाई खिडकीतून चौकात पाहत राहते. गाडी कधीच येत नाही.

इथे कागद-पेन घेऊन साधा हिशेब करावा. दहा पेन्सिलींची डबी दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळते. महिन्याला हजार डब्या भरल्याबद्दल ३० हजार द्यायचे तर एका डबीमागे ३० रुपये मजुरी झाली. लाकूड, शिसे, रंग, छपाई, दुकानदाराचा नफा हे सगळे उरलेल्या वीस-तीस रुपयांत कसे बसणार? आणि जे काम कारखान्यात यंत्र करते ते टेम्पोने तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पाठवून परत नेण्यात कोणत्या शेठला रस असेल? भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपल्या बायकांना हा हिशेब जमत नाही असे मुळीच नाही. तो करायला वेळच दिला जात नाही. ‘फक्त दोन जागा उरल्या आहेत मॅडम’ हे वाक्य त्यासाठीच असते.

पॅकिंगमध्ये दोन-चार हजार जातात आणि माणूस हळहळून गप्प बसतो. डेटा एंट्रीचे प्रकरण याहून वाईट, कारण तिथे पैशाबरोबर झोपही जाते. त्याची रीत सविस्तर सांगतो, कारण पदवीपर्यंत शिकलेल्या मुली लग्नानंतर घरी असताना हमखास याच्याकडे वळतात.

सुरुवातीला काहीच पैसे मागत नाहीत. तिथेच विश्वास बसतो. ‘आमच्याकडे नोंदणी मोफत आहे’ असे फोनवरची मुलगी अदबीने सांगते. आधार कार्ड, पॅन कार्ड, फोटो, सही मागून घेते. एक करारपत्र येते. स्टँप पेपरवर छापल्यासारखे दिसते, पंधरा पाने, सगळे इंग्रजीत. कुणी वाचत नाही. त्यात लिहिलेले असते की सात दिवसांत इतके शेकडो फॉर्म भरायचे, अचूकता ९० टक्क्यांहून कमी भरली तर संगणक, वीज आणि ‘सेवा’ यांचा खर्च काम करणाऱ्याने द्यायचा. मग एक संकेतस्थळ उघडून दिले जाते. अंधुक अक्षरांतली पाने, त्यावरून टंकलेखन करायचे. बाई बाळाला झोपवून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसते, डोळे चोळत काम पुरे करते. आठव्या दिवशी अहवाल येतो: अचूकता ८६ टक्के, काम नापास.

ही युक्ती जुनीच आहे. विडीच्या कामात शंभरातल्या काही विड्या ‘नीट वळल्या नाहीत’ म्हणून बाजूला काढायच्या आणि त्यांचे पैसे द्यायचे नाहीत, याबद्दल विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षे भांडणे केली आहेत. तिथे निदान विडी डोळ्यांसमोर असते, ‘दाखव कुठे बिघडली’ असे विचारता येते, शेजारची बाई साक्षीला असते. डेटा एंट्रीत नापास करणारा दिसत नाही, काम पुन्हा पाहता येत नाही, आणि मजुरी बुडवण्यावर तो थांबत नाही. नवव्या दिवशी ‘वकिला’चा फोन येतो. करार मोडल्याबद्दल ७ हजार रुपये भरा, आजच भरा, नाही तर गुन्हा दाखल होईल, पोलीस घरी येतील. व्हॉट्सअॅपवर नोटीस येते, त्यावर तराजूचे चित्र असते, सिंहांची मुद्रा असते. नवऱ्याचा नंबर आमच्याकडे आहे, त्यालाही नोटीस पाठवतो, असे सांगितले जाते.

खरा धंदा हाच आहे. फॉर्म भरणे नावापुरते, विकली जाते ती भीती. सासरी न सांगता काम घेतलेले, आधार कार्ड परक्याच्या हाती गेलेले, आणि आता दारात पोलीस येणार. बाई बांगडी गहाण ठेवते आणि पैसे भरते. एकदा भरले की दुसऱ्या आठवड्यात ‘कोर्ट फी’ निघते.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्यावे. खरोखरचा करार जरी मोडला, तरी ती दिवाणी बाब असते. नुकसान झाले असे म्हणणाऱ्याने न्यायालयात दावा लावायचा, नुकसान सिद्ध करायचे. काम वेळेत झाले नाही म्हणून पोलीस कुणाला अटक करून नेत नाहीत. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, आणि कोणतेही न्यायालय वकिलाच्या यूपीआयवर तासाभरात दंड भरायला लावत नाही. असा फोन आला तर वाद घालू नये, माफी मागू नये, फोन ठेवावा. आलेली प्रत्येक नोटीस जपून ठेवावी, कारण धमकावून पैसे उकळणे हाच गुन्हा आहे आणि तो त्यांचा आहे. तरीही मन खात असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते तिथे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील आणि सल्ला मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क आपल्या मोहल्ल्यात किती जणींना माहीत आहे?

आता तिसरा प्रकार. याने आज सगळ्यात जास्त घरे पोखरली आहेत आणि यात हजार नव्हे, लाख जातात.

व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबरवरून संदेश येतो. हॉटेलांना नकाशावर पाच तारे द्या, व्हिडिओ लाइक करा, एका कामाचे ५० रुपये. बाई तीन हॉटेलांना तारे देते आणि खरोखरच खात्यात १५० रुपये जमा होतात. इथे शंका संपते. ‘पैसे मिळाले ना? मग फसवणूक कशी?’ असे ती घरातल्यांनाही सांगते. ते १५० रुपये मजुरी नसतात. मासेमारीला जाणाऱ्या आपल्या कोकणी भावांना गळाला लावायच्या आमिषाची किंमत समजावून सांगायला नको.

मग टेलिग्रामच्या एका गटात घेतले जाते. तिथे शंभर-दोनशे लोक दिसतात. कुणी ‘आज १२ हजार मिळाले’ म्हणून बँकेचा फोटो टाकते, कुणी ‘सरांचे आभार’ मानते. त्यांतले बहुतेक त्याच टोळीचे लोक असतात, एकेक माणूस दहा-दहा नावे घेऊन बसलेला. मग ‘प्रीपेड टास्क’ येते: १००० भरा, १३०० मिळतील. मिळतातही. ५००० भरा. आता मिळणारी रक्कम खात्यात येत नाही, एका संकेतस्थळावर तुमच्या नावापुढे आकडा वाढत जातो. काढायला गेलात की ‘टास्क तीनचे होते, तुम्ही एकच केले, उरलेली दोन पूर्ण केल्याशिवाय पैसे निघणार नाहीत.’ २० हजार. मग ‘तुमच्या चुकीमुळे गटातल्या इतर चौघांचेही पैसे अडकले’ आणि ते चौघे तुम्हाला विनवण्या करू लागतात, कुणी रडते, कुणी आजारी आईचा हवाला देते. ५० हजार. मग कर, मग खाते ‘गोठले’ ते सोडवण्याचे शुल्क.

इथे बाई हावरटपणाने पैसे भरत नाही. ती आधी गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी भरते, आणि प्रत्येक वेळी हा शेवटचा हप्ता असे तिला वाटते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव अशीच मोडते. संकेतस्थळावर दिसणारा आकडा पैसा नसतो, तो कुणीही बसून टाइप केलेला आकडा असतो, एवढे एक वाक्य त्या वेळी कुणी तरी शेजारी बसून सांगायला हवे असते. आणि नेमके तेच कुणी नसते, कारण गटाच्या पहिल्या नियमात लिहिलेले असते की कामाची माहिती बाहेर सांगू नका.

हा प्रकार मोबाइलमुळेच आला असेही नाही. २०१०-११ च्या सुमारास ‘स्पीक एशिया’ नावाची कंपनी ११ हजार रुपये घेऊन वर्षभर इंटरनेटवर प्रश्नावल्या भरायला देत होती. आठवड्याला दोन प्रश्नावल्या, प्रत्येकी ५०० रुपये. आणखी माणसे जोडली की वेगळी कमाई. सुरुवातीच्यांना पैसे मिळाले, त्यांनी नातेवाइकांना आणले. २०११ मध्ये पैसे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेले. तेव्हाही कुणाला विचारावेसे वाटले नाही की आमच्या मतांना आठवड्याला हजार रुपये देणारा हा गिऱ्हाईक कोण? नव्या माणसाच्या ११ हजारांतून जुन्याचे पाचशे दिले जात होते. जुन्याला नव्यांच्या पैशातून फेडणाऱ्या अशा साखळी योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्याने बंदी आहे.

वातीचे, अगरबत्तीचे, द्रोण-पत्रावळीचे यंत्र घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच विकत घेतो, ही योजना तालुक्याच्या गावांत जास्त चालते. यंत्र बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट किमतीला गळ्यात मारले जाते. दोन महिने माल उचलतात, तिसऱ्या महिन्यात दर्जा पसंत पडत नाही, चौथ्या महिन्यात कार्यालयाला कुलूप. यंत्र घ्यायचेच असेल तर बाजारात त्याची किंमत विचारावी आणि तयार माल त्या कंपनीशिवाय आणखी दोन दुकानदार घेतील का, हे आधी जाऊन पाहावे. एवढे पुरे.

मात्र खाते भाड्याने देण्याचा प्रकार एवढ्यावर सोडता येत नाही. त्यात फसलेली बाई फिर्यादी राहत नाही, आरोपी होते. ‘आमच्या कंपनीचे पैसे तुमच्या खात्यात येतील, ते सांगू त्या खात्यावर पाठवा, शंभरामागे दोन रुपये तुमचे.’ किंवा त्याहून सोपे, नवे खाते उघडा, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला द्या, ५ हजार रोख घ्या. दिसायला यात आपले काहीच जात नाही, उलट पैसे मिळतात. पण ते पैसे वर सांगितलेल्या बायकांचे असतात. नाशिकच्या बाईची मोडलेली मुदत ठेव भिवंडीच्या बाईच्या खात्यातून पुढे जाते. तक्रार झाली की पोलीस त्या पैशाचा माग काढत पहिल्या खात्यावर येतात, आणि तिथे नाव, फोटो, आधार सगळे आपल्या बहिणीचे असते. खाते गोठते. त्याच खात्यात मुलाची शिष्यवृत्ती येत असते, लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये येत असतात, तेही अडकतात. चौकशीला परराज्यातल्या पोलीस ठाण्याचे बोलावणे येऊ शकते. ‘मला माहीत नव्हते’ हे खरे असले तरी ते पटवून देईपर्यंत वर्षे जातात. आपले बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिम भाच्यालाही वापरायला देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि घरात वाईट वाटले तरी चालेल.

कागदपत्रांनी भुलू नये. ‘सरकारमान्य’ म्हणून जे प्रमाणपत्र दाखवतात ते पुष्कळदा उद्यम नोंदणीचे असते. ती नोंदणी कुणालाही स्वतःच माहिती भरून, मोफत करता येते. त्यावरून धंदा खरा की खोटा हे कळत नाही. जीएसटीचे प्रमाणपत्र दुसऱ्याच कंपनीचे असू शकते. पत्ता दिला असेल तर त्या शहरात आपले कुणी ना कुणी असतेच, पाच मिनिटे जाऊन पाहायला सांगावे. बाकी काही नाही तरी पत्ता विचारल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो ते ऐकावे.

सलाम करून बोलणाऱ्यालाही हीच परीक्षा लावावी. ‘अस्सलामु अलैकुम आपा, हलाल इन्कम आहे, पर्द्यात राहून काम’ अशा शब्दांत येणारे संदेश आता सर्रास दिसतात. मोहल्ल्यातली ओळखीचीच बाई ते पुढे पाठवते, कारण तिला प्रत्येक नव्या नावामागे काही तरी मिळणार असते किंवा मिळेल असे सांगितलेले असते. २०१९ मध्ये बंगळूरच्या आयएमए प्रकरणात हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी गेली, ती ‘आपला माणूस आहे’ याच भरवशावर.

आता घरातल्या पुरुषांशी दोन शब्द. बायकोने, बहिणीने, सुनेने असे काही सांगितले तर पहिला प्रश्न ‘मला विचारलेस का नाही?’ हा नसावा. त्या प्रश्नाच्या धाकानेच ती आठ दिवस गप्प राहिलेली असते आणि त्या आठ दिवसांत चोराने आणखी तीन हप्ते घेतलेले असतात. पैसे कधी गेले, कुठून गेले, हे विचारावे आणि फोन उचलावा. ओरडायचे असेल तर पुढे पुष्कळ दिवस आहेत, पण गेलेला पैसा बँकेत अडवण्याची वेळ मात्र काही तासांचीच असते. आणि एक साधी गोष्ट. घरखर्चातून बाईच्या हाती दर महिन्याला स्वतःचे असे काही पैसे, हिशेब न मागता दिले जात असतील, तर दीडशे रुपयांच्या टास्कचे तिला एवढे अप्रूप वाटणार नाही.

कमाईच करायची तर मार्ग नाहीत असे नाही, फक्त त्यांत ‘आजच्या आज’ काही मिळत नाही. शिवण, मेहंदी, मुलांची शिकवणी, अरबी-उर्दूचे वर्ग, डबे, रमजानात समोसे आणि शीरखुर्म्याच्या शेवया. गिऱ्हाईक चार घरांपासून सुरू होते. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी. ती थेट सरकारी संकेतस्थळावर होते, दलालाची गरज नाही. बचत गटांसाठी १९७५ पासून काम करणारे महिला आर्थिक विकास महामंडळ आहे, अल्पसंख्याकांना कर्ज देणारे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. तिथे खेटे घालावे लागतात, कागद अपुरे म्हणून परत पाठवतात, हे आम्हीही जाणतो. धंद्यात आपलाही पैसा गुंततो, पण त्या पैशाची शिलाई मशीन घरात येते, पीठ-साखर घरात येते. कुणाच्या यूपीआयवर गेलेल्या ‘अनामती’चे तसे काही दिसत नाही.

पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० हा नंबर फिरवावा. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोन करताना हाताशी ठेवावे: आपल्या बँकेचे नाव आणि खाते क्रमांक, किती पैसे, कोणत्या तारखेला किती वाजता, कुणाच्या खात्यावर किंवा यूपीआयवर, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयच्या अॅपमध्ये तो व्यवहार उघडला की हा १२ अंकी क्रमांक दिसतो. तक्रार नोंदली की पुढच्या बँकांना पैसे रोखून धरण्याचा संदेश जातो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून काढत असतो, म्हणून घाई. सायबर क्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. आपल्या बँकेलाही कळवावे. मात्र पिन आपणच टाकून पाठवलेले पैसे आणि आपल्या नकळत खात्यातून गेलेले पैसे यांत बँक फरक करते. तीन दिवसांत कळवले की बँक भरपाई देते हे जे ऐकलेले असते ते दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

टेलिग्रामवर समोरच्याला ‘तुम्ही फसवलेत’ असे लिहिण्याआधी सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट काढावेत. तिथे समोरचा माणूस आपल्या मोबाइलमधले संभाषणही पुसून टाकू शकतो. जवळच्या पोलीस ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळाले तर हद्दीबाहेरचा गुन्हाही कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, हे शांतपणे सांगावे आणि सोबत कुणाला तरी न्यावे. आधार आणि फोटो दिले असतील तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहावे. ओळखीचे नसलेले सिम तिथूनच बंद करायला सांगता येते.

आणि तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता धरून चालावे. बोलणारा स्वतःला सायबर शाखेचा अधिकारी, बँकेचा माणूस किंवा वकील म्हणवतो. तुमची रक्कम किती गेली, कधी गेली, हे त्याला बरोबर ठाऊक असते, कारण तो त्याच टोळीतला असतो किंवा तुमची माहिती त्याने त्यांच्याकडून विकत घेतलेली असते. ‘पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी फक्त दोन टक्के भरा’ असे तो सांगतो. १९३० वर तक्रार करायला पैसे लागत नाहीत, आणि अडवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पोलीस फोनवरून पैसे मागत नाहीत. त्याचा नंबरही लिहून घ्यावा आणि त्याच तक्रारीत जोडावा.